शिवनेरीच्या कड्यातलं पाणी



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असा मंडळाने आग्रह केला. आम्ही लेखक नव्हे. शाळा नववीपर्यंत, पुढचं शिक्षण गिरणीच्या पाळ्या सांभाळून वाचनालयाच्या बाकावर झालं. म्हणून जे डोळ्यांनी पाहिलं आणि वाचून पडताळलं तेवढंच सांगतो. चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

गेल्या हिवाळ्यात विहारातली आम्ही वीस-बावीस माणसं जुन्नरला गेलो. तरुण पोरं, महिला मंडळाच्या चौघी आणि आमच्यासारखे गुडघ्यावर हात ठेवून चढणारे. कल्याणहून पहाटेची एस.टी. धरली. मुरबाड, टोकावडे, वैशाखरे आणि मग माळशेज घाट. वैशाखऱ्यावरूनच नाणेघाटाची पायवाट वर चढते. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवरचा माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जाई. घाटातल्या गुहेत राणी नागनिकेचा मोठा शिलालेख आहे. माथ्यावर दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं लोक सांगतात. म्हणजे ज्या डोंगराला आपण खिडकीतून बघत जातो, तो एकेकाळचा हमरस्ता होता.

जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी खोदलेली आहेत. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी. यातली बहुतेक साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. त्यांत बुद्धमूर्ती कोरलेली नाही, स्तूपालाच वंदन करण्याचा तो काळ. लेण्याद्रीचं मोठं चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्त नावाच्या माणसाने दान दिलं, असं तिथल्या लेखात आहे. आम्ही हे एस.टी.त सांगितलं तर एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे आपल्या आधी कल्याणचा माणूस येऊन गेला की!" सगळे हसले, पण बोलणं खरं होतं.

शिवनेरीच्या पायथ्याशी एका पोराने विचारलं, "काका, आपण लेणी बघायला आलो ना? हा तर शिवाजी महाराजांचा किल्ला." प्रश्न बरोबर होता. आम्हालाही उमेदवारीच्या वयात वाटायचं की किल्ला एकाचा आणि लेणी दुसऱ्याची. पण डोंगर एकच आहे. आधी भिक्खूंनी त्याच्या कड्यात घरं केली, मग राजांनी माथ्यावर तट बांधले. यादव, बहामनी, मग अहमदनगरची निजामशाही असा तो हातोहात गेला. १९ फेब्रुवारी १६३० रोजी महाराजांचा जन्म इथे झाला. १६५७ साली त्यांनी जुन्नर शहरावर छापा घातला, पण हा किल्ला मात्र त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. तो शाहू महाराजांच्या काळात मराठ्यांकडे आला आणि १८१८ साली इंग्रजांकडे गेला. वर कोळी चौथरा आहे. मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांची मुंडकी तिथे उडवली, असं सांगतात. राजांच्या नावाबरोबर या साध्या माणसांचंही नाव पोरांना सांगितलं पाहिजे.

सात दरवाजे ओलांडत आम्ही वर गेलो. मधे शिवाई देवीचं देऊळ लागतं. त्याच्या मागच्या कड्यात लेणी आहेत. आणखी लेणी डोंगराच्या इतर बाजूंना आहेत, पण तिथली वाट अवघड. आम्ही वयस्कर मंडळी खालीच बसलो. पोरं जाऊन आली ती सांगत की काही टाक्यांत पाणी आहे, काहींत गाळ आणि प्लास्टिकच्या बाटल्या. एकाने कोळशाने भिंतीवर नाव लिहायला घेतलं होतं, त्याला बाकीच्यांनीच थांबवलं. ते ऐकून बरं वाटलं.

आता मुद्द्याचं. किल्ला काय, विहार काय, पाण्यावाचून उभा राहत नाही. तट कितीही उंच असो, टाकी आटली की किल्ला पडला. शिवनेरीवर गंगा-जमुना नावाची टाकी आहेत, बदामी तलाव आहे. पण त्याच्याही आधी भिक्खूंसाठी कातळात टाकी खोदली गेली. त्यांना शिलालेखात 'पोढी' म्हणतात. वरून तोंड लहान, आत पोकळी मोठी. पावसाचं पाणी कड्यावरून उतरून आत साठतं आणि उन्हाळाभर थंड राहतं. छिन्नी-हातोड्याने असं टाकं खोदायला माणसाला किती दिवस लागले असतील, ते हाताला घट्टे पडलेल्यालाच कळेल.

शिवनेरीवरच्या एका लेखात लिहिलंय की यवन इरिल याने दोन पोढ्या दान दिल्या. यवन म्हणजे समुद्रापलीकडून आलेला, ग्रीक म्हणा. इथेच दुसऱ्या यवनाने, चिट नावाच्या, संघाला भोजनमंडप दिला. मानमोडीच्या डोंगरात नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने ४६ व्या वर्षी एक पोढी आणि मंडप दिला. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पोढी दिली. आणखी एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे दानाचा पैसा ठेवल्याची नोंद आहे. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. बांबू कापणाऱ्यांच्या संघटनेवर विश्वास टाकून लोक पैसा ठेवीत होते, हे गिरणी कामगाराने दोनदा वाचावं असं आहे.

पाणी परक्याने दिलं, मंत्र्याने दिलं, व्यापाऱ्यांनी दिलं. देणाऱ्याने आपण कोण ते लपवलं नाही, दगडावर कोरलं. आणि संघाने ते पाणी घेतलं. विटाळ झाला नाही.

मग मधल्या काळात काय झालं? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं, ओंजळभर पाण्यासाठी. १९३४ साली वेरूळला जाताना ते सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला बघायला थांबले. दाराजवळच्या हौदावर काहींनी हात-तोंड धुतलं, तेवढ्यावरून तळं बाटवलं असा गिल्ला झाला आणि जमाव जमला. शेवटी आत सोडलं, पण कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून बरोबर हत्यारी शिपाई दिला. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. रोग एका धर्मापुरता राहिला नव्हता, हे त्यातून दिसतं.

आमच्या गिरण्यांतही हेच होतं. आमचे आजोबा त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या खात्यात होते. विणाई खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्याला घेत नसत. कारण धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आमची थुंकी चालत नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. आमची गिरणी २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती पुन्हा सुरू झाली नाही. आता त्या खात्यात सगळ्यांनाच सारखी बंदी आहे.

हे सगळं सांगायचं कारण घरचंच आहे. विहारासमोर पाण्याचा नळ बसवायचा विषय वर्षभर बैठकीत अडला होता. काही जण म्हणत, नळ आतच हवा, बाहेर लावला तर रस्त्यावरचे कोणीही येतील, घाण करतील, बिल आपण का भरायचं? दुसरा वाद संगमरवरी पाटीवर कुणाचं नाव आधी, याचा. खरं सांगतो, आम्हीही पहिल्या बाजूचे होतो. फेरीवाले रात्री नळ उघडा टाकतात, ही तक्रार आमचीच.

शिवनेरीहून उतरताना दिंडीएवढ्या मोठ्या सहली दरवाजातून वर येत होत्या. एका म्हाताऱ्या बाईंना धाप लागली होती. आमच्यातल्या एका पोराने काही न विचारता आपली बाटली पुढे केली. त्या घटघट पाणी प्यायल्या, डोक्यावर हात ठेवून "सुखी रहा बाळा" म्हणाल्या आणि चढू लागल्या. कोण, कुठल्या, त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. तेव्हा आमच्या तक्रारीची आम्हालाच लाज वाटली.

परत आल्यावर पहिल्याच बैठकीत आम्ही आमचं म्हणणं मागे घेतलं. नळ बाहेरच्या भिंतीला लागला. पाटीचा वाद अजून मिटलेला नाही. मंडळाला आमची एवढीच विनंती, की नावं खुशाल कोरा, इरिलनेही कोरलं होतं. पण आधी पाणी चालू ठेवा.

जयभीम.