काय करू व माय आज संध्याकायले?

हे बोलणं तुमच्या कानावर पडेल तेव्हा दिवस कलला असेल. कोणी कापूस वेचून नुकतीच घरी आली असेल, कोणी शेळ्या बांधत असेल, कोणी गिरणीवरून दळण घेऊन येत असेल. आणि प्रत्येकीच्या डोक्यात एकच प्रश्न असेल : काय करू व माय आज संध्याकायले?

आमच्या गटांच्या बैठकीत बचत मोजून झाली, कर्जाचे हप्ते वहीत लिहून झाले की बोलणं हमखास या प्रश्नावर येतं. एकदा आम्ही ठरवलं की नुसतं हसून सोडून न देता हे लिहूनच काढू. एक कोरी वही घेतली. सात दिवस संध्याकाळी घरात काय शिजलं ते प्रत्येकीने सांगायचं. ज्या म्हाताऱ्या आहेत त्यांनी त्यांच्या आईच्या चुलीवर काय शिजायचं तेही सांगायचं. या वहीने आम्हाला इतिहासाच्या पुस्तकात नसलेल्या पुष्कळ गोष्टी विचारायला लावल्या. त्यातल्या काही आज तुमच्याशी बोलायच्या आहेत.

शाळेत आपण खानदेशाचा इतिहास शिकलो तो थाळनेर आणि बऱ्हाणपूरच्या फारुकी राजांचा. १६०१ साली अकबराने अशीरगड घेतला, १८१८ साली इंग्रज आले, १९०६ साली पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले, पुढे त्यांचेच जळगाव आणि धुळे झाले, १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. सगळं खरं आहे. पण त्या साऱ्या काळात रोज संध्याकाळी कोणीतरी चूल पेटवतच होतं ना? अशीरगडाच्या वेढ्यातही कोणीतरी भाकरी थापल्याच असतील. त्याची नोंद कोणी ठेवली नाही, कारण ती ठेवण्यासारखी गोष्ट आहे असं कोणाला वाटलंच नाही.

तरी जमीन थोडंफार सांगते. तापीकाठी सावळदा नावाचं गाव आहे. त्या गावाच्या नावावरून सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका संस्कृतीला सावळदा संस्कृती म्हणतात. तिथे आणि जवळच्या प्रकाशे इथे जुन्या वस्तीची रंगवलेली मडकी सापडली आहेत. त्याच संस्कृतीची वस्ती प्रवराकाठच्या दायमाबादला होती आणि तिथल्या खोदकामात मसुरीसारख्या कडधान्यांचे जळके दाणे मिळाले. म्हणजे वरण-कालवणाची आपली सवय फार जुनी. ज्वारी आणि बाजरी मात्र मूळची आफ्रिकेतली. हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली आणि आपल्या काळ्या मातीत अशी रुजली की आता कोणी तिला परकी म्हणणार नाही.

मिरचीचं ऐकून तर आमच्या गटातल्या एक आजी चिडल्याच. मिरची, शेंगदाणा, बटाटा, टमाटा, मका हे सगळं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतलं, आणि त्यांच्या जहाजांतून पुढे हे जिन्नस आपल्या देशात पसरले. त्याआधी तिखटपणासाठी मिरी आणि पिंपळी होती. आजी म्हणाल्या, "मग शेवभाजी कशाची करत होते?" खरंच आहे. शेवभाजीचा लालभडक तर्रीचा रस्सा, ठेचा, खिचडीवर ओततो ते शेंगदाण्याचं तेल, हे ज्याला आपण अस्सल खानदेशी म्हणतो ते सारं गेल्या चारपाचशे वर्षांतलं. वांगं, तूर, उडीद आणि तीळ मात्र आपल्या देशाचेच. त्यामुळे भरीत हा आपला खरा जुना पाहुणचार म्हणायला हरकत नाही. तुराट्यांवर किंवा कपाशीच्या काड्यांवर हिरवी मोठी वांगी भाजायची, बडगीत घालून ठेचायची. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यातही हिरवी मिरची मागाहून आलीच, पण ते असू द्या.

आता धान्याकडे येऊ, कारण आमची वही सगळ्यात जास्त इथेच अडकली. आपल्या भागात तापीच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीत रब्बीला दादर पेरतात. पाऊस संपल्यावर जमिनीत जी ओल राहते तिच्यावर येणारी ही ज्वारी. दादरची भाकरी पांढरी, मऊ, दुसऱ्या दिवशी सकाळीही दाताला न लागणारी. खरिपाला बाजरी. आणि या दोन्हींच्या पलीकडे कळणा. ज्वारीत सालासकट उडीद मिसळून, मीठ घालून दळायचं, साधारण चारास एक. कळण्याची भाकरी आणि भरीत, किंवा कळण्याची भाकरी आणि लसणाचा ठेचा, वर कच्चं तेल. गरिबाची भाकरी म्हणून तिला बरीच वर्षं नाकं मुरडली गेली. आज आहारशास्त्र काय सांगतं ऐका. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो उडदात भरपूर असतो. उडदात जे कमी पडतं ते ज्वारी भरून काढते. दोन्ही एकत्र खाल्लं की अंगाला पुरं पडतं. हे ज्यांनी शोधलं त्या बायांनी शाळा पाहिलेली नव्हती.

तसंच फुणक्यांचं. तुरीची नाहीतर हरभऱ्याची डाळ भिजवायची, मिरची-लसूण-कोथिंबीर घालून जाडीभरडी वाटायची, मुटके वळून वाफवायचे आणि कढीबरोबर खायचे. डुबूकवड्या, पातोड्यांचा रस्सा, शेवभाजी, बट्टीबरोबरचं घट्ट वरण. बघा, यातल्या एकालाही हिरवी भाजी लागत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ पर्यंत जातो, विहिरी तळ गाठतात, बाजारात भाजी येते ती सुकलेली आणि महाग. अशा उन्हाळ्यात घरातल्या डाळीवर आणि बेसनावर संध्याकाळ निभवायची ही युक्ती असावी, असं आम्हाला वाटतं. भाजी नाही म्हणून कोणी रडत बसलं नाही, डाळीचीच दहा रूपं केली.

आणि हे सारं दळायचं कुठे? घरातच. गिरणी येण्याआधी बाई पहाटे तीन-चारला उठून जात्यावर बसायची. बहिणाबाई चौधरी आपल्या आसोद्याच्या. १८८० सालचा त्यांचा जन्म. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात राबताना, घरकाम करताना त्यांनी ओव्या रचल्या, घरच्यांनी त्या टिपून ठेवल्या. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली मुलगा सोपानदेव आणि आचार्य अत्रे यांच्या खटपटीने ते पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. आमच्या वहीतल्या एक मावशी मात्र म्हणाल्या, "जात्याचं गाणं चांगलं होतं, पण जातं नको व माय." गावात गिरणी आली त्या दिवशी त्यांच्या सासूने गिरणीवाल्याला नारळ दिला होता. जुन्याचं कौतुक करताना आम्ही हे विसरत नाही.

आता कपाशीचं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस विलायतेला जाणं बंद पडलं आणि आपल्या कापसाला एकदम भाव आला. त्याच दशकात रेल्वे खानदेशातून पुढे गेली. कापूस गाडीत चढला, शेतकऱ्याच्या हाती रोकड आली. रोकड बहुतेक घरांत पुरुषाच्या हाती असते, आणि धान्याची कणगी बाईच्या हाती. कणगीतलं किती काढायचं, किती ठेवायचं हे ती ठरवते. शेत कपाशीखाली गेलं की कणगी आटते आणि संध्याकाळच्या भाकरीसाठी हात पसरून पैसे मागावे लागतात. बायांनी यावर एक उपाय काढला होता : कपाशीत मधूनमधून तुरीचा तास, बांधाला अंबाडी, थोडा उडीद, थोडा मूग. हिशेबात न धरलेलं ते पीक वर्षभराची डाळ देऊन जायचं. आमच्या वहीत पन्नाशीच्या पुढच्या जवळजवळ सगळ्या बायांनी या तासाची आठवण काढली. तिशीच्या आतल्या बऱ्याच जणींनी तो पाहिलेला नाही. त्या डाळ दुकानातून आणतात.

कणगी आटल्यावर काय होतं ते दुष्काळाने दाखवलं. १८९६-९७ ला एक दुष्काळ, तो सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा. विक्रम संवत १९५६ चा म्हणून गुजरातेत आणि आपल्याकडच्या जुन्या माणसांत तो छप्पनचा दुष्काळ. खडी फोडायच्या कामावर माणसं गेली, रानातला पाला आणि कंद उकडून खाल्ले. त्यावेळचं सांगणारं आता कोणी उरलं नाही.

पण १९७२ चं सांगणाऱ्या आहेत. आमच्या गटातल्या दोन आज्या तेव्हा लग्न होऊन नुकत्याच आल्या होत्या. विहिरी कोरड्या, चारा नाही. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो, रेशनवर मिळायची. तिचं पीठ हाताला धरत नसे, भाकरी थापताना कडेने फाटायची. एका आजीने गरम पाण्याची उकड काढून कशीबशी थापायला शिकून घेतलं आणि मग आळीतल्या सगळ्यांना शिकवलं. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची, तीही त्या पदरात बांधून पोरांसाठी घरी आणत. याच दुष्काळात आपल्या राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली, पुढे तिचा कायदा झाला. काम मागणाऱ्यांत बाया फार होत्या. दगड फोडून आल्यावर रात्री चूल त्यांनीच पेटवली, हे मात्र कुठल्या हजेरीपटावर नाही.

त्यानंतर ताट झपाट्याने बदललं. १९६४ पासून संकरित ज्वारी आली, उत्पन्न वाढलं, चव गेली असं म्हाताऱ्या सांगतात. रेशनला मुख्यतः गहू आणि तांदूळ. पूर्वी पोळी सणाला आणि पाहुण्याला, आता पोळी रोजची आणि दादर गव्हापेक्षा महाग. २०२३ हे जगाने भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. शहरात ज्वारीची बिस्किटं निघाली. आपल्या पोरी मात्र भाकरी थापता येत नाही म्हणून हसतात. आम्ही पोळीला नावं ठेवत नाही. थकून आलेल्या बाईला जे लवकर होतं ते बरं. पण नुसता फुकटचा तांदूळ आणि पाण्यासारखं वरण, असं सात दिवसांतले पाच दिवस लिहिलेलं पान आमच्या वहीत आहे, आणि ते एकट्या घराचं नाही.

रेशनवरून एक गोष्ट आठवली, ती नीट ऐका. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात असं लिहिलेलं आहे की रेशनकार्डासाठी घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई ही कुटुंबप्रमुख. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला घरटी ३५ किलो. तुमच्या कार्डावर पहिलं नाव कोणाचं आहे ते आज घरी जाऊन पाहा.

वहीत आम्ही एक रकाना मागाहून वाढवला : शेवटी कोण जेवलं आणि तिच्या ताटात काय होतं. या रकान्यावर बैठकीत पहिल्यांदा शांतता झाली. संध्याकाळी भरीत केलेल्या घरातही बाईच्या नावापुढे "भाकरी, ठेचा" एवढंच. "भाजी संपली होती." "पोरांनी पुन्हा मागितली." एकीने लिहिलं होतं, "भूक मेली." २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांत ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. आम्हाला हा आकडा आधी खूप मोठा वाटला होता. तो रकाना वाचल्यावर वाटेनासा झाला.

त्या दिवसापासून आमच्या गटात एक सुरू आहे. भाजी उतरली की पहिली वाटी भरून फडताळात झाकून ठेवायची, ती जिने केली तिची. दोघींच्या घरी यावरून बोलाचाली झाली. एकीची सासूच म्हणाली, "माझ्या वेळी हे कोणी सांगितलं असतं तर." दुसरीच्या घरी अजून ताण आहे. तिने वाटी ठेवणं सोडलेलं नाही.

आणि गिरणीवर आम्ही सात जणी मिळून कळणा दळतो. ज्वारी चार किलो, उडीद एक किलो, मीठ बेताचं. दादर परवडत नाही त्या साधी ज्वारी घेतात. भाकरी थापायला वेळ नसेल त्या दिवशी कळण्याच्या पिठात कांदा, मेथी किंवा शेवग्याचा पाला घालून धपाटं लावायचं. घरात काहीच नसेल तर डुबूकवड्या : कांदा-खोबरं भाजून रस्सा उकळत ठेवायचा आणि बेसनाचं घट्ट भिजवण त्यात चमच्याने सोडायचं, अर्ध्या तासात होतं. फुणके जास्तीचे वाफवले तर उरलेले कुस्करून सकाळी फोडणी द्यायची, पोरं डब्याला नेतात. अंबाडी निघाली आहे, तुरीच्या डाळीत शिजवून बघा, वर लसणाची फोडणी.

वहीची पानं अजून शिल्लक आहेत. १९७२ च्या वेळी मिलोची भाकरी थापलेल्या कोणी तुमच्या गावात असतील तर त्यांच्याजवळ बसा आणि त्या काय सांगतात ते तारीख घालून लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीला बसवा. आमची पुढची बैठक गुरुवारी आहे, कळण्यासाठी प्रत्येकीने घरचा मूठभर उडीद आणायचा आहे.