अहवालातले आकडे

क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना कशी उलगडायची, हे मी आयुष्यभर शिकवलं. म्हणूनच डीएनएच्या रचनेच्या शोधाचं श्रेय म्हटलं की सगळी चर्चा 'फोटो ५१' या क्ष-किरण छायाचित्रापाशीच अडते, हे मला खटकतं.

फोटो मोलाचा आहेच. लंडनच्या किंग्ज कॉलेजात, रोझलिंड फ्रँकलिन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचा विद्यार्थी रेमंड गॉसलिंग याने तो मे १९५२मध्ये काढला. डीएनएची कोरडी आणि ओली अशी दोन रूपं फ्रँकलिन यांनीच वेगळी केली होती. हा फोटो ओल्या रूपाचा. ३० जानेवारी १९५३ला किंग्जमधलेच मॉरिस विल्किन्स यांनी तो फ्रँकलिन यांच्या परस्पर केंब्रिजच्या जेम्स वॉटसनना दाखवला. त्यातल्या फुलीवरून रेणू मळसूत्री आहे हे कळतं, फेऱ्याची उंचीही मोजता येते. पण साखळ्या कोणत्या दिशेने जातात, ते कळत नाही.

ते कळलं रुक्ष आकड्यांतून. किंग्जच्या कामाचा आढावा घेणाऱ्या समितीसाठीच्या डिसेंबर १९५२च्या एका अहवालात फ्रँकलिन यांनी स्फटिकाची मापं आणि सममिती नोंदवली होती. समितीचे सदस्य मॅक्स पेरुट्झ यांच्याकडून तो अहवाल वॉटसन यांचे सहकारी फ्रान्सिस क्रिक यांच्या हाती गेला. क्रिक तेव्हा हिमोग्लोबिनवर काम करत होते आणि घोड्याच्या हिमोग्लोबिनच्या स्फटिकाची सममिती नेमकी तीच! रेणू १८० अंशांतून फिरवला तरी तसाच दिसतो, म्हणजे दोन साखळ्या परस्परविरुद्ध दिशांनी जातात, हे त्यांनी तात्काळ ओळखलं. ही ओळख त्यांची; साखळ्यांमधल्या आम्लारींच्या (बेसच्या) जोड्या जुळवल्या वॉटसन यांनी. ते श्रेय कुणी हिरावू नये.

पण २५ एप्रिल १९५३च्या 'नेचर'मध्ये तीन निबंध लागोपाठ छापले गेले आणि फ्रँकलिन-गॉसलिंग यांचा निबंध तिसरा आला. जणू दुसऱ्यांच्या शोधाला दिलेला दुजोरा! प्रत्यक्षात त्यांचा एक मसुदा १७ मार्चलाच, केंब्रिजचं हस्तलिखित किंग्जमध्ये पोहोचण्याआधी, तयार होता. वॉटसन-क्रिक यांनी आपल्या निबंधात किंग्जच्या अप्रकाशित कामाचा उल्लेख केला, तोही मोघम. किंग्जच्या माहितीशिवाय ही रचना सुचणं जवळजवळ अशक्य होतं, ही स्पष्ट कबुली त्यांनी दिली १९५४मध्ये, दुसऱ्या एका निबंधात.

फ्रँकलिन १६ एप्रिल १९५८ला, अवघ्या ३७व्या वर्षी, कर्करोगाने गेल्या. नोबेल मिळालं १९६२मध्ये, वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना.

शिक्षकांना माझं एवढंच सांगणं आहे : डीएनए शिकवाल तेव्हा फळ्यावर फ्रँकलिन यांचं नाव लिहा, गॉसलिंगचंही लिहा, आणि फोटोबरोबर ते आकडेही समजावून सांगा.