परसातले पक्षी आणि दूरनियंत्रित कॅमेरा

घराच्या अंगणात, परसात किंवा गॅलरीत येणाऱ्या पक्ष्यांच्या जवळ कॅमेरा ठेवून स्वतः लांबून, बटण, मोबाईल किंवा संगणकाच्या साहाय्याने छायाचित्र टिपणे म्हणजे दूरनियंत्रित पक्षी-छायाचित्रण. यात कॅमेरा पक्ष्यापासून एक-दोन मीटरवर असतो आणि माणूस खिडकीआड किंवा घरात असतो. ही पद्धत कमी खर्चाची आहे. नीट वापरली तर पक्ष्यालाही तिचा त्रास होत नाही. निष्काळजीपणे वापरली तर मात्र एखादे घरटे उजाड व्हायला तीच कारण ठरू शकते.

पद्धत कशी आली?

इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १८९२ साली अंडी असलेल्या घरट्याचे छायाचित्र घेतले. १८९५ मध्ये त्यांचे ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरील सचित्र पुस्तक आले. पक्ष्यांना माणूस दिसू नये म्हणून त्यांनी पुढे पोकळ कृत्रिम बैल तयार केला आणि त्याच्या आत लपून छायाचित्रे घेतली. त्या काळात रबराची लांब नळी आणि तिच्या टोकाला हवेचा फुगा अशी सोयही वापरात होती. फुगा दाबला की नळीतल्या हवेच्या दाबाने लांबवरच्या कॅमेऱ्याचे शटर उघडत असे. आजच्या रिमोटची ही पूर्वज म्हणता येईल.

भारतात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात जंगलातील वाटेवर तार बांधून ठेवली. वाघाचा पाय तारेला लागला की कॅमेरा आणि झगमगाटी दिवा दोन्ही चालू होत. ही छायाचित्रे त्यांच्या १९२७ च्या पुस्तकात आहेत.

घरट्याच्या फार जवळ गेल्याची किंमत माणसालाही मोजावी लागू शकते. ब्रिटिश पक्षी-छायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांच्यावर १९३७ मध्ये घरट्याजवळ एका घुबडाने हल्ला केला आणि त्यांचा एक डोळा गेला. त्यांनी छायाचित्रण मात्र सोडले नाही.

कॅमेरा जवळ ठेवून काय साधते?

पक्ष्यांच्या छायाचित्रणासाठी साधारणपणे ५०० मिलिमीटरसारखे मोठे आणि महागडे भिंग लागते. पण पक्षी चौकटीत किती मोठा दिसेल हे भिंग आणि अंतर या दोन्हींवर ठरते. ५०० मिमी भिंगाने १० मीटरवरून चिमणी जेवढी मोठी दिसते, तेवढीच ती ५० मिमीच्या साध्या भिंगाने १ मीटरवरून दिसते. क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यात या अंतरावर चौकटीत सुमारे ४५ × ३० सेंटिमीटरची जागा मावते. चिमणीची लांबी साधारण १५ सेंटिमीटर असल्याने ती चौकटीचा तिसरा हिस्सा व्यापते.

दोन्ही छायाचित्रांत एक फरक राहतो. लांबच्या भिंगाने पक्ष्यामागचा परिसर पुसट होऊन जातो. जवळच्या भिंगाने विहिरीचा कठडा, तुळशीवृंदावन, पारिजातकाची फांदी हेही चित्रात येते. पक्षी कुठे राहतो हे अशा छायाचित्रातून कळते.

साधने

ब्लूटूथ बटण : मोबाईल स्टँडवर लावून हे छोटे बटण दाबले की छायाचित्र निघते. सर्वांत स्वस्त पर्याय हाच. काही मिनिटे वापर झाला नाही तर बटण झोपी जाते, म्हणून पक्षी येण्याआधी एकदा दाबून पाहावे.

इन्फ्रारेड रिमोट : टीव्हीच्या रिमोटसारखा चालतो. मध्ये आडोसा चालत नाही आणि भर उन्हात तो दगा देतो. बहुतेक कॅमेऱ्यांत त्याचा ग्राहक पुढच्या बाजूला असल्याने मागून दाबून उपयोग होत नाही.

रेडिओ रिमोट : भिंत किंवा झुडूप मध्ये असले तरी सहसा चालतो. परसासाठी हा सर्वांत भरवशाचा. मात्र समोर काय दिसते आहे ते यात कळत नाही.

वाय-फाय आणि मोबाईल अ‍ॅप : कॅमेऱ्यातले दृश्य मोबाईलवर दिसते, फोकस आणि प्रकाशाची मापे घरात बसून बदलता येतात. दृश्य किंचित उशिरा पोहोचते आणि बॅटरी लवकर संपते.

यूएसबी केबल आणि संगणक : विंडोजसाठी डिजिकॅमकंट्रोल आणि लिनक्ससाठी जीफोटो ही मोफत साधने आहेत. खिडकीतून केबल बाहेर नेता येत असेल तर ही जोडणी वाय-फायपेक्षा पक्की असते.

ट्रेल कॅमेरा : यात माणसाला बटण दाबावे लागत नाही. प्राण्याच्या अंगाची उष्णता हलली की तो आपोआप चालू होतो. शिंजिरासारखा इवलासा, चपळ पक्षी मात्र त्याच्या नजरेतून अनेकदा सुटतो.

मांडणी

जागा निवडताना दाण्यांपेक्षा पाणी बरे. दाणे टाकले की कबुतरांचे थवे जमतात आणि शेजाऱ्यांशी वाद सुरू होतात. एप्रिल-मेच्या उन्हात मातीचे पसरट भांडे ठेवले तर बुलबुल, दयाळ, साळुंकी, सातभाई, मुनिया असे अनेक पक्षी येतात. पाण्याची खोली ३ ते ५ सेंटिमीटर पुरते. तळ खडबडीत असावा किंवा त्यात एक दगड ठेवावा. डासांची पैदास होऊ नये म्हणून पाणी रोज बदलावे आणि भांडे घासावे. मांजर दबा धरून बसेल अशा दाट झुडपापासून भांडे दोन-तीन मीटर दूर असावे.

पक्षी थेट पाण्यावर उतरत नाही. आधी जवळच्या उंचवट्यावर बसून तो आजूबाजूला पाहतो. त्यासाठी भांड्याजवळ एक वाळकी फांदी रोवावी. छायाचित्राची खरी जागा तीच.

फोकस हाताने आधीच लावून ठेवावा. फांदीवर चिमणीएवढा कांदा किंवा बटाटा बांधून त्यावर फोकस नेमका करावा आणि मग तो काढून टाकावा. वर सांगितलेल्या मांडणीत एफ/२.८ ला सुमारे ४ सेंटिमीटर जाडीचा पट्टाच स्पष्ट येतो, तर एफ/८ ला तो सुमारे १२ सेंटिमीटर होतो. म्हणून एफ/८ पासून सुरुवात करावी. बसलेल्या पक्ष्यासाठी शटरचा वेग १/५०० सेकंद चालतो. उडणाऱ्या पक्ष्यासाठी १/२००० किंवा त्याहून जास्त लागतो आणि त्यासाठी आयएसओ वाढवावा लागतो.

नर दयाळ काळा-पांढरा असतो. स्वयंचलित मोजणी त्याच्या काळ्या रंगाने फसते आणि पांढरा भाग उडून जातो. प्रकाशाची मापे हाताने ठरवावीत आणि पांढऱ्या पिसांतले तपशील शाबूत आहेत ना हे तपासावे. सूर्योदयानंतरचे दोन तास प्रकाशासाठी उत्तम. फ्लॅश वापरू नये.

कॅमेऱ्याची सवय

पक्ष्यासाठी काल नसलेली वस्तू आज दिसली की तो धोका असतो. म्हणून कॅमेऱ्याऐवजी त्याच आकाराचा पुठ्ठ्याचा खोका तीन-चार दिवस त्याच जागी ठेवावा. भिंगाच्या जागी काळे झाकण चिकटवावे. खोका सुरुवातीला लांब ठेवून रोज थोडा पुढे सरकवला तर आणखी चांगले. पक्षी त्याच्याकडे दुर्लक्ष करू लागले की त्या जागी कॅमेरा ठेवावा. आवाजरहित शटरची सोय असेल तर ती चालू करावी, कारण आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या खटक्याने बुलबुलासारखा सावध पक्षी लगेच उडतो.

पक्ष्याला त्रास होतो आहे का, हे कळण्याची एक सोपी कसोटी आहे. कॅमेरा ठेवण्याच्या आदल्या दिवशी पक्षी तासाभरात किती वेळा आला ते मोजून ठेवावे. कॅमेरा ठेवल्यावर पुन्हा त्याच वेळेला मोजावे. फेऱ्या स्पष्टपणे कमी झाल्या असतील तर कॅमेरा मागे घ्यावा.

घरट्याचा प्रश्न

रिमोट हाती आला की पहिला मोह घरट्याचा होतो. माणूस तिथे नसल्यामुळे काही बिघडणार नाही असे वाटते. पण कॅमेरा लावायला, बॅटरी बदलायला आणि कार्ड काढायला माणूसच जातो. प्रत्येक फेरीत फांद्या हलतात आणि कावळ्यांचे लक्ष जाते. पाने छाटून जागा मोकळी केली तर अंड्यांवरची सावलीही जाते आणि लपणही जाते.

लालबुड्या बुलबुलाची मादी साधारण दोन आठवडे अंडी उबवते. या काळात ती वारंवार उडाली तर अंडी थंड होतात किंवा भर उन्हात तापतात. पिल्ले मोठी झाल्यावरचा धोका वेगळा असतो. घाबरलेली पिल्ले उडता येण्याआधीच घरट्यातून उड्या टाकतात आणि मांजराच्या तोंडी जातात. चोचीत अळी धरून आई-बाप घरट्यात न शिरता आसपासच घुटमळत असतील, सतत ओरडत असतील, तर त्याचा अर्थ एकच : पिल्ले उपाशी आहेत आणि कारण समोर उभे आहे.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे आणि अंडी किंवा घरटे विचलित करणे यांचा समावेश आहे. म्हणजे बंदूक हाती न घेताही माणूस शिकारी ठरू शकतो. छायाचित्रणाच्या अनेक स्पर्धांमध्येही घरट्यांची छायाचित्रे स्वीकारली जात नाहीत.

म्हणून परसातला कॅमेरा पाण्यावर, फुलांवर किंवा बसण्याच्या फांदीवर रोखावा. परसात घरटे सापडले तर कॅमेरा आणि पाण्याचे भांडे दोन्ही तिथून दूर हलवावे आणि पिल्ले उडून जाईपर्यंत तो कोपरा मोकळा सोडावा. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावणेही टाळावे. विणीच्या हंगामात नर तो आवाज प्रतिस्पर्ध्याचा समजतो आणि घरटे सोडून भांडायला येतो.

इतर खबरदारी

कॅमेऱ्याचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे किंवा न्हाणीकडे नसावे. स्टँडच्या पायाला वाळूची पिशवी बांधावी. कोकणात किंवा घाटालगतच्या गावांत माकडांचा वावर असेल तर कॅमेरा नजरेआड ठेवू नये. उन्हाळ्यात काळा कॅमेरा लवकर तापतो, त्याच्यावर पांढऱ्या कापडाची सावली करावी.

छायाचित्रांचा उपयोग

प्रत्येक डिजिटल छायाचित्रात तारीख आणि वेळ नोंदली जाते. वर्षभराची छायाचित्रे क्रमाने लावली की कोणता पक्षी कोणत्या महिन्यात आला, कोणता येईनासा झाला, हे दिसू लागते. अशा नोंदी ई-बर्ड या संकेतस्थळावर मोफत भरता येतात. फेब्रुवारीत होणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या जागतिक मोजणीत भारतातील पक्षीप्रेमी २०१३ पासून भाग घेत आहेत. त्यासाठी परसात पंधरा मिनिटे बसून दिसलेले पक्षी नोंदवले तरी पुरते.

एखादे छायाचित्र किती चांगले आले हे त्यातला पक्षी सांगतो. तो पाणी पीत असेल, पिसे साफ करत असेल किंवा फांदीवर डोळे मिटून बसला असेल, तर तिथे कॅमेरा असल्याचे त्याच्या गावीही नव्हते.