एरोजेल
जेलमधील द्रव काढून त्या जागी हवा आली, तरी मूळ सांगाडा शाबूत राहिलेला अतिहलका घनपदार्थ. सॅम्युअल किस्लर यांनी तो १९३१ मध्ये जगापुढे आणला. साध्या वाळवणीत सूक्ष्म छिद्रांतील द्रवाचा पृष्ठताण भिंती आत ओढतो. जेल आकसते, तडकते. म्हणून द्रवाऐवजी कार्बन डायऑक्साइड भरून तो ३१ अंश सेल्सिअस व सुमारे ७३ वातावरण दाबापलीकडे नेतात. तेथे द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही, त्यामुळे पृष्ठताणही नाही. मग दाब सावकाश उतरवतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात ए. वेंकटेश्वर राव व सहकाऱ्यांनी मिथाइलट्रायमेथॉक्सीसिलेनपासून पाणी झिडकारणारे, वाकवता येणारे सिलिका एरोजेल घडवले. ठिसूळपणा हा या पदार्थाचा मोठा दोष असल्याने हे काम विशेष मोलाचे. उच्चदाबाची पात्रे महाग पडतात, म्हणून साध्या दाबाखालच्या वाळवणीवरही तेथे संशोधन झाले.