रंगीत काच : रेल्वे सिग्नलपासून औषधाच्या बाटलीपर्यंत

मध्य प्रदेशातील जबलपूर हे भारतीय रेल्वेच्या इतिहासातील महत्त्वाचे संगमस्थान आहे. अलाहाबादहून, म्हणजे आजच्या प्रयागराजहून, निघालेला ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये येथे पोहोचला. मुंबईकडून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग मार्च १८७० मध्ये त्यास मिळाला आणि मुंबई व कोलकाता लोहमार्गाने जोडले गेले. अशा मार्गांवरील रात्रीची सुरक्षितता दीर्घकाळ रंगीत काचेच्या लहानशा तुकड्यावर अवलंबून होती.

जुन्या सेमाफोर सिग्नलमध्ये रॉकेलचा दिवा एका जागी स्थिर असे. सिग्नलची भुजा हलली की तिला जोडलेली काचांची चौकट सरके आणि लाल किंवा हिरवी काच दिव्यासमोर येई. रंगीत काच प्रकाशात नवा रंग मिसळत नाही. ती नको असलेले रंग शोषून ठरावीक रंगच पुढे जाऊ देते. रॉकेलची ज्योत पिवळसर असल्याने सिग्नलची हिरवी काच मुद्दाम निळसर छटेची बनवली जाई. दुरून पाहणाऱ्या चालकास तो प्रकाश हिरवा दिसे.

एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश पद्धतीत पांढरा प्रकाश ही मार्ग मोकळा असल्याची खूण होती. लाल काच फुटल्यास धोक्याच्या ठिकाणीही तीच खूण दिसण्याची भीती असे. म्हणून पुढे मोकळ्या मार्गासाठी हिरवा रंग स्वीकारण्यात आला. भारतीय रेल्वेच्या नियमांनुसार रंगीत दिव्याच्या जागी पांढरा प्रकाश दिसल्यास, किंवा दिवा विझलेला असल्यास, तो सिग्नल सर्वाधिक प्रतिबंधक स्थितीत आहे, असे चालकाने मानावयाचे असते.

काचेला रंग येतो तो प्रामुख्याने धातूंच्या संयुगांमुळे. कोबाल्टमुळे निळा, लोहामुळे हिरवट, मँगनीजमुळे जांभळा, तर कॅडमियम व सेलेनियममुळे लाल रंग मिळतो.

ठरावीक प्रकाश अडवण्याच्या या गुणाचा उपयोग इतरत्रही होतो. औषधांच्या तपकिरी बाटल्या अतिनील व निळा प्रकाश रोखून औषधाचे विघटन टाळतात. प्रयोगशाळेत कोबाल्टयुक्त निळी काच सोडियमच्या ज्योतीचा पिवळा प्रकाश शोषते व पोटॅशियमची जांभळट ज्योत ओळखता येते. वेल्डिंगच्या मुखवट्यातील गडद काच अतिनील व अवरक्त किरणांपासून डोळ्यांचे रक्षण करते. साध्या रंगीत चष्म्याने तसे संरक्षण मिळत नाही.

एप्रिल २००३ पासून जबलपूर हे पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे. आधुनिक एलईडी सिग्नलमध्ये रंग दिव्यातूनच निर्माण होत असल्याने रंगीत काचेची आवश्यकता उरलेली नाही. फुटक्या काचेच्या धोक्यातून आलेली सावधगिरी मात्र नियमांत कायम आहे.