डेव्हिड (डेव्हिड अब्राहम चेऊलकर)

हिंदी चित्रपटांतील चरित्र अभिनेते. जन्म 1909, ठाणे, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएली (ज्यू) कुटुंबात. चेऊलकर हे आडनाव अलिबागजवळच्या चौल गावावरून आले. पडद्यावर मात्र नुसते ‘डेव्हिड’ एवढेच नाव झळके. कायद्याची पदवी घेऊनही ते वकिलीऐवजी चित्रपटांकडे वळले आणि मोहन भवनानी यांच्या ‘झँबो’तून (1937) पडद्यावर आले.

बुटकी, गुटगुटीत अंगकाठी, तुळतुळीत टक्कल आणि स्वच्छ शब्दोच्चार हे त्यांचे भांडवल. नायकाची भूमिका वाट्याला येणे शक्य नव्हते आणि खलनायक शोभावा असा चेहरा नव्हता. त्यामुळे काका, डॉक्टर, वडील, घरचा जुना स्नेही अशी माणसे त्यांनी चार दशके उभी केली.

राज कपूर निर्मित, प्रकाश अरोरा दिग्दर्शित ‘बूट पॉलिश’मधील (1954) जॉन चाचा ही त्यांची सर्वांत मोठी भूमिका. झोपडपट्टीतल्या दोन अनाथ भावंडांना भीक न मागता कष्ट करून खाण्याचा धडा देणारा हा चाचा स्वतः चोरून दारू विकतो आणि त्यापायी तुरुंगात जातो. उपदेशकाचे हे डागाळलेपण डेव्हिड यांनी लपवले नाही, म्हणून त्याचा उपदेश कानाला बोचत नाही. तुरुंगातल्या टकल्या कैद्यांच्या गाण्यात त्यांनी स्वतःच्या टकलाचीही मनसोक्त थट्टा करून घेतली आहे. या भूमिकेसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. या गटातले ते पहिलेच.

पुढे हृषीकेश मुखर्जी यांनी त्यांचा पुन्हा पुन्हा उपयोग केला : ‘अनुपमा’ (1966), ‘सत्यकाम’ (1969), ‘चुपके चुपके’ (1975), ‘गोलमाल’ (1979), ‘खूबसूरत’ (1980). ‘अभिमान’मध्ये (1973) तर ते जेमतेम काही मिनिटे दिसतात. लग्नाच्या स्वागतसमारंभात नवपरिणीत जोडप्याचे गाणे ऐकून, बायको नवऱ्याहून सरस आहे आणि पुढे हे त्याला सोसेल का, अशी शंका त्यांच्या पात्राच्या तोंडी येते. पुढची सगळी कथा त्या शंकेवर उभी आहे. बासू चटर्जींच्या ‘बातों बातों में’मध्येही (1979) ते होते. या काळात ‘प्रेमळ म्हातारा’ हा त्यांचा साचाच झाला. जॉन चाचाइतकी गुंतागुंतीची भूमिका त्यांना पुन्हा क्वचितच मिळाली. दोष दिग्दर्शकांचा, त्यांचा नव्हे.

समारंभांचे खुमासदार सूत्रसंचालक म्हणूनही त्यांचा लौकिक होता, आणि भारोत्तोलनाच्या स्पर्धांत ते पंचाचे काम करीत. 1969 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते अविवाहित होते. अखेरच्या काळात ते कॅनडाला गेले आणि ऐंशीच्या दशकाच्या आरंभी टोरोंटो येथे त्यांचे निधन झाले.