सिम खिशात, नंबर गाडीत!

आजची गोष्ट आहे एका विसरलेल्या फीचरची. फोनमधलं सिम कार्ड बाहेर न काढता ते ब्लूटूथवरून गाडीला वापरायला द्यायचं! नाव, सिम ॲक्सेस प्रोफाइल.

ही गरज पडली कुठून? युरोपातल्या फोक्सवॅगन, ऑडी अशा गाड्यांमध्ये तेव्हा गाडीचाच फोन बसवून मिळायचा. त्याचा अँटेना बाहेर, म्हणून गाडीच्या पत्र्याआड धडपडणाऱ्या मोबाइलपेक्षा रेंज चांगली. पण नंबर कुठला वापरायचा? गाडीसाठी दुसरं सिम घ्या, नाहीतर दरवेळी कार्ड काढा-घाला करा. यावर उपाय म्हणून २००५ मध्ये ब्लूटूथच्या संघटनेने हे मानक आणलं. नोकियाच्या बऱ्याच फोनमध्ये ते होतं.

आता गंमत बघा. सिम म्हणजे नुसती चिप नाही, तो एक छोटा संगणकच आहे. त्यात एक गुप्त किल्ली असते आणि ती कधीच बाहेर येत नाही. जीएसएम नेटवर्क १२८ बिटांचा एक आकडा पाठवतं. सिम किल्ली वापरून ३२ बिटांचं उत्तर देतं. गाडी हा प्रश्न ब्लूटूथवरून फोनला देते, फोन सिमला विचारतो आणि उत्तर परत पाठवतो. किल्ली खिशातच राहते, नेटवर्कला मात्र तुम्ही गाडीतून बोलताय असं दिसतं.

पण एक सिम एका वेळी एकाच फोनचं. म्हणजे गाडी जोडली की हातातला मोबाइल नेटवर्कवरून उतरणार. म्हणूनच हे मानक लिहिणाऱ्यांनी दोन गोष्टी केल्या, ज्या मला फार शहाणपणाच्या वाटतात. एक, जोडणीसाठी चार नाही, तब्बल १६ अंकी कोड. दोन, फोनला सिम परत हवं असेल तर मागायच्या दोन पद्धती : 'चालू काम संपवून सोड' किंवा 'आत्ताच्या आत्ता सोड'. पहिलीत कॉल मध्येच तुटत नाही.

मग हे संपलं का? स्मार्टफोन आले म्हणून! नेटवर्क सोडलं की मोबाइल डेटाही गेला; मग मॅप कसा बघणार? आयफोनने हे कधी दिलंच नाही. अँड्रॉइडमध्ये ते २०१५ साली, सहाव्या आवृत्तीत आलं. तोवर फक्त आवाज गाडीकडे पाठवणारं साधं हँड्सफ्री जिंकलं होतं.

तरी मला हा इतिहास महत्त्वाचा वाटतो. तेव्हा सिम दुसऱ्याच्या हाती गेलं तर फार तर बिल वाढलं असतं. आज त्याच नंबरवर ओटीपी येतो, यूपीआयची नोंदणीही त्याच सिमवरून होते. त्यामुळे सिम वाटून घेण्याची कुठलीही सोय बनवताना स्क्रीनवर दोन गोष्टी ठळक हव्यात : आत्ता माझ्या नावाने नेटवर्कशी कोण बोलतंय, आणि ते थांबवायचं बटण कुठे आहे.